इंजिनाच्या पोटातली हवा

घरी गाडी बांधणारा माणूस चॅसिसच्या एकेका जोडावर आठवडे घालवतो, सस्पेन्शनचे कोन पुन्हा पुन्हा मोजतो, ब्रेकच्या पाइपाला वळण देताना दहादा विचार करतो. इंजिन मात्र तो आयतं आणतो. अपघातात गेलेल्या किंवा गंजून भंगारात निघालेल्या गाडीतून ते उचललं जातं आणि धुऊन-रंगवून नव्या चॅसिसमध्ये बसवलं जातं. जुन्या गाडीत काय मागे राहिलं याची यादी सहसा कोणी करत नाही. एअर क्लीनरचा मोठा डबा राहतो, त्याला येऊन मिळणाऱ्या दोन-तीन रबरी नळ्या राहतात. ब्लॉकच्या बाजूला लावलेला पत्र्याचा छोटा डबा आणि त्यातला अंगठ्याएवढा वाल्वही पुष्कळदा तिथेच राहतो. नवी गाडी सुरू होते, चांगली पळते, आणि काही दिवसांत टॅपेट कव्हरच्या कडेने तेल झिरपायला लागतं. मागचं ऑइल सील ओलं होतं, चालवणाऱ्याच्या कपड्यांना जळक्या तेलाचा वास येतो. मग पॅकिंग बदललं जातं, सील बदललं जातं, आणि तेल पुन्हा येतं.

या प्रश्नाचा खरा मुलूख ब्रिटन. कॉलिन चॅपमन यांची लोटस सेव्हन १९५७ मध्ये आली. सुट्या भागांत विकत घेऊन घरी जोडली तर तिच्यावरचा खरेदीकर वाचत असे, त्यामुळे गॅरेजमध्ये गाडी बांधण्याची परंपराच तिथे उभी राहिली. १९७३ मध्ये सेव्हनचे हक्क केटरहॅमकडे गेले. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांचं, अडीचशे पौंडांत स्पोर्ट्‌स कार बांधा असं सांगणारं पुस्तक हेन्झ प्रकाशनाने काढलं आणि ‘लोकॉस्ट’ ही जातच जन्माला आली. चौकोनी नळ्यांची चॅसिस घरी वेल्ड करायची, आणि इंजिन-गिअरबॉक्स-अ‍ॅक्सल जुन्या फोर्ड एस्कॉर्टमधून घ्यायचे. २००७ मध्ये क्रिस गिब्ज यांनी त्याच मार्गावरचं दुसरं पुस्तक फोर्ड सिएरा धरून लिहिलं. या गाड्यांच्या पुढच्या भागात आधी फोर्डचं केंट इंजिन असे, मग पिंटो, मग झेटेक, आणि पुढे यामाहा-सुझुकीच्या मोटारसायकलींची इंजिनंही आली. इंजिनं बदलत गेली तरी ब्रीदरचं, म्हणजे क्रँककेसमधली, इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर सोडणाऱ्या वाटेचं, दुखणं कायम राहिलं.

माझं मत आधीच सांगतो. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत क्रँककेसच्या हवेचा मार्ग कारखान्याने आखला होता तसा बंदच ठेवावा. जागा बदलली तर नळ्या बदलाव्यात, तत्त्व बदलू नये. उघडा ब्रीदर आणि त्याखालची, तेल धरणारी चकचकीत कॅच टँक हा शर्यतीच्या गाडीचा नाइलाज आहे. घरगुती बांधणीत तो सरसकट उचलला गेला आणि त्याने पुष्कळ चांगली इंजिनं अकाली म्हातारी केली.

मुळात ही हवा येते कुठून? पिस्टनच्या रिंगा कितीही नव्या असल्या तरी त्या पूर्ण बंद होत नाहीत. त्यांना तोंडाशी फट ठेवावीच लागते, नाहीतर तापल्यावर फुगून त्या बोअरमध्ये अडकतील. कॉम्प्रेशनच्या आणि स्फोटाच्या वेळी थोडा वायू या फटींतून खाली निसटतो. आपल्याकडचे मिस्त्री त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, पुस्तकांत ब्लो-बाय. हिशेबासाठी इंजिन जेवढी हवा ओढतं तिच्या शेकडा एक भाग असा निसटतो असं धरू. दोन लिटरचं इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्यांवर पूर्ण थ्रॉटलला सुमारे ६००० लिटर हवा ओढतं. म्हणजे मिनिटाला ६० लिटर, सेकंदाला एक लिटर वायू क्रँककेसमध्ये उतरणार. रिंगा झिजल्या की हा आकडा कितीतरी वाढतो. त्याला बाहेर पडायला वाट हवी, नाहीतर तो स्वतःची वाट काढतो, आणि ती बहुधा सीलमधून असते.

दाबापेक्षा दुर्लक्षित राहते ती या वायूची जात. त्यात न जळलेलं पेट्रोल असतं, जळून झालेले आम्लधर्मी वायू असतात, आणि पाणी असतं. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक सायलेन्सरमधून वाफ होऊन जातं, पण निसटलेल्या वायूबरोबर थोडं खालीही येतं. थंड क्रँककेसमध्ये ते भिंतींवर जमतं, तेलात मिसळतं आणि तेल भरायच्या झाकणाखाली लोण्यासारखा पांढुरका थर धरतं. तो दिसला की माणसं हेड गॅस्केट गेलं म्हणून घाबरतात. बऱ्याचदा गॅस्केट शाबूत असतं आणि कमी पडलेली असते ती आतली हवा बदलणं. दोन मैल जाऊन परत येणाऱ्या, हिवाळ्यात क्वचित निघणाऱ्या हौशी गाडीला हा त्रास रोजच्या गाडीपेक्षा जास्त होतो. म्हणून ब्रीदरचं काम नुसता दाब बाहेर सोडण्याचं नाही. एका बाजूने कोरडी, गाळलेली हवा आत यावी, इंजिनाच्या पोटातून फिरावी आणि ओली, घाण हवा घेऊन दुसऱ्या बाजूने निघून जावी, असा तो प्रवाह आहे. एक भोक पाडलं म्हणजे ब्रीदर झाला, या समजुतीत निम्मा घोटाळा आहे.

जुन्या गाड्यांत हा प्रवाह फार साध्या रीतीने साधला जाई. क्रँककेसमधून एक पाइप गाडीच्या पोटाखाली उतरवलेला, त्याचं तोंड मागच्या बाजूला तिरकं कापलेलं. गाडी पळाली की तोंडाजवळून जाणारा वारा आतली हवा ओढून घेई आणि तेल भरायच्या झाकणातल्या जाळीतून ताजी हवा आत येई. गाडी उभी असली की ओढ बंद. रस्त्यांच्या मधोमध दिसणारा तेलाचा काळा पट्टा बराचसा याच पाइपांची देणगी होती. दुसऱ्या महायुद्धात खोल पाण्यातून जाणाऱ्या रणगाड्यांना असा उघडा पाइप चालणार नव्हता. त्यांच्या क्रँककेसची हवा इंजिनाच्याच मॅनिफोल्डमध्ये ओढून घेण्याची व्यवस्था केली गेली. नागरी गाड्यांत ती आली लॉस एंजेलिसच्या धुरक्यामुळे. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की गाड्यांतून आणि तेलशुद्धीकरणातून निघणारी हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं उन्हात एकत्र येऊन ते धुरकं बनतं. गाडीच्या हायड्रोकार्बनपैकी सुमारे पाचवा हिस्सा सायलेन्सरमधून न येता क्रँककेसच्या पाइपातून येत होता, आणि तो थांबवणं सगळ्यात स्वस्त होतं. १९६१ मध्ये कॅलिफोर्नियाने क्रँककेसची हवा मॅनिफोल्डमध्ये ओढण्याची ही व्यवस्था सक्तीची केली. मोटारगाडीवरचं हे पहिलं प्रदूषण-नियंत्रक यंत्र. ब्रिटनच्या नियमांतही १ जानेवारी १९७२ पासून पहिल्यांदा वापरात आलेल्या पेट्रोल गाडीच्या क्रँककेसचा वायू, शक्य तितका, ज्वलनकक्षातूनच बाहेर गेला पाहिजे अशी अट आहे; टू-स्ट्रोक इंजिनं तेवढी वगळली आहेत. टॅपेट कव्हरवर छोटा शंकूसारखा फिल्टर बसवून रस्त्यावर निघणाऱ्यांना हा नियम माहीत असावा.

आता कारखान्याची व्यवस्था नीट पाहू, कारण तिच्यात जे शहाणपण आहे ते फार थोड्या जणांनी ओळखलं आहे. तिला दोन फांद्या असतात. एक फांदी वाल्वमधून थ्रॉटलच्या पुढे, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये जाते. दुसरी थ्रॉटलच्या आधी, एअर क्लीनरच्या स्वच्छ बाजूला उघडते. इंजिन आयडलवर असताना मॅनिफोल्डमध्ये जोरदार ओढ असते पण ब्लो-बाय नगण्य असतो. वाल्वमधला स्प्रिंगवरचा प्लंजर त्या ओढीने पुढे सरकून वाट बारीक करतो, नाहीतर या फांदीतून इतकी हवा जाईल की आयडल सांभाळणार नाही. थ्रॉटल अर्धा उघडला की ओढ कमी होते, प्लंजर मागे येतो, वाट मोठी होते. याच अवस्थेत दुसऱ्या फांदीतून ताजी हवा आत येते, क्रँककेसमधून फिरते आणि पाण्याची वाफ घेऊन मॅनिफोल्डमध्ये जाते. तेल कोरडं राहतं ते या वेळी. थ्रॉटल पूर्ण उघडला की मॅनिफोल्डमधली ओढ जवळपास संपते, आणि नेमका तेव्हाच ब्लो-बाय सगळ्यात जास्त असतो. मग दुसऱ्या फांदीतला प्रवाह उलटा फिरतो: वायू एअर क्लीनरकडे जातो, आणि तिथे फिल्टरमधून वेगाने शिरणाऱ्या हवेमुळे थोडी ओढ असतेच. म्हणजे मॅनिफोल्डची ओढ गरज नसताना जास्त, आणि एअर क्लीनरची ओढ गरजेबरोबर वाढणारी. दोन्ही फांद्या एकमेकींची उणीव भरून काढतात. मॅनिफोल्डमध्ये बॅकफायर झाला तर प्लंजर उलटा बसून ज्वाळेची वाट बंद करतो, हे त्या छोट्या वाल्वचं आणखी एक काम.

याहून देखणी युक्ती ब्रिटिश एसयू कार्ब्युरेटरमध्ये आहे. या कार्ब्युरेटरचा पिस्टन हवेच्या प्रवाहाप्रमाणे वर-खाली होतो, त्यामुळे पिस्टन आणि थ्रॉटलच्या मधल्या जागेतली ओढ जवळपास स्थिर राहते. आधी मिनी आणि एमजीच्या इंजिनांवर मॅनिफोल्डला वेगळा डायफ्रॅमचा वाल्व असे. पुढे एसयूने त्या स्थिर ओढीच्या जागेतच क्रँककेससाठी नळीचं तोंड दिलं आणि वाल्वची गरजच संपली. जुन्या मिनीच्या इंजिनावर गाडी बांधणाऱ्याला असं तोंड असलेला कार्ब्युरेटर मिळाला तर त्याने तो सोडू नये. त्यासोबत तेलाचं झाकण मात्र मूळचं, बारीक भोकाचं हवं. बाजारातलं पूर्ण उघडं शोभेचं झाकण लावलं की सगळी ओढ तिथून फुकट जाते.

घरच्या बांधणीत ही व्यवस्था मोडते ती बहुतेक वेळा कार्ब्युरेटरपाशी. केंट आणि पिंटो इंजिनांत ब्लॉकच्या बाजूला तेल गाळणारा डबा, त्यात वाल्व, आणि तिथून मॅनिफोल्डला नळी अशी मूळ रचना. सेव्हनच्या धर्तीच्या गाडीत माणसाला वेबरचे दोन जोड-कार्ब्युरेटर हवे असतात, किंवा हल्ली चार स्वतंत्र थ्रॉटल. मग चौघांचं मिळून एक मॅनिफोल्ड उरतच नाही. प्रत्येक सिलिंडरची नळी वेगळी, तिच्यातली ओढ झटक्याझटक्याची. ब्रीदर एकाच नळीला जोडला तर तेवढ्या सिलिंडरचं मिश्रण पातळ होतं, स्पार्क प्लग पांढरा पडतो आणि आयडल बिघडतं. म्हणून माणसं वाल्व काढतात, ब्लॉकचं भोक बुच मारून बंद करतात आणि टॅपेट कव्हरवर एक नळी ठेवतात. यातलं बुच मारणं सगळ्यात घातक.

खरा मार्ग दोन तऱ्हांनी निघतो. चारही नळ्यांतून सारख्या मापाची बारीक भोकं काढून एका छोट्या डब्यात एकत्र आणायची आणि वाल्वची नळी त्या डब्याला द्यायची. अशा जोडडब्यावरून ब्रेक सर्व्होची ओढ घेणारे लोक आहेतच, पण ब्रीदरसाठी डबा आणि भोकं वेगळी ठेवावीत. दुसरा मार्ग सोपा: कार्ब्युरेटरांच्या तोंडाशी उघडे फिल्टर न लावता एक बंद एअरबॉक्स करायचा आणि ब्रीदर त्यात सोडायचा. यात अर्ध्या थ्रॉटलला ताज्या हवेची झाडलोट मिळत नाही, पण पूर्ण थ्रॉटलची ओढ मिळते, वास येत नाही आणि नियम पाळला जातो. तेल मात्र थोडं लवकर बदलावं लागतं. इंजेक्शन असलेल्या आणि हवा मोजणारा मीटर असलेल्या इंजिनात आणखी एक पथ्य आहे. ब्रीदरची हवा मीटरमधून मोजून आलेली असते. नळी काढून ती उघडी सोडली आणि मॅनिफोल्डकडची फांदी तशीच ठेवली, तर न मोजलेली हवा आत शिरते आणि मिश्रण चुकतं.

ब्लॉकचं भोक बंद करणं घातक का, हे कळायला इंजिनाच्या आतली रहदारी पाहावी लागते. पंपाने हेडमध्ये चढवलेलं तेल कॅमशाफ्टला भिजवून ब्लॉकमधल्या भोकांतून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलपात्रात, उतरतं. क्रँककेसमधला वायू वर जायला बघतो तोही पुष्कळ इंजिनांत त्याच भोकांतून. तेल खाली, वायू वर. कमी फेऱ्यांवर दोघांचं जमतं. फेऱ्या वाढल्या, ब्लो-बाय वाढला की वर जाणारा वायू उतरणाऱ्या तेलाला अडवतो. हेडमध्ये तेल साचतं, कॅम ते घुसळतो, आणि टॅपेट कव्हरवर ब्रीदर असला तर तो वायूऐवजी तेलच ओकायला लागतो. माणूस म्हणतो रिंगा गेल्या. कॉम्प्रेशन पाहिलं तर चारही सिलिंडर सारखे. अशा वेळी ब्लॉकमधून, चेंबरच्या तेलाच्या पातळीच्या बऱ्यापैकी वरून, एक मोठी नळी थेट टॅपेट कव्हरकडे किंवा कॅच टँककडे काढली की वायूला स्वतःचा रस्ता मिळतो आणि तेलाचा रस्ता मोकळा होतो. एवढ्या एका नळीने तेल फेकणं थांबलेली इंजिनं मी पाहिली आहेत; या सगळ्या विषयातला हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी केला जाणारा उपाय आहे. कव्हरखालची पत्र्याची आडभिंत रंगकामाच्या वेळी काढून टाकली असेल तर ती परत बसवावी, कारण कॅमने उडवलेलं तेल थेट ब्रीदरच्या तोंडात जाऊ नये म्हणूनच ती असते. नळीचं तोंड चेनच्या वर किंवा क्रँक ज्या बाजूला तेल फेकतो त्या बाजूला ठेवू नये.

मोटारसायकलचं इंजिन गाडीत घातलं की आणखी एक पेच येतो. सुझुकीची हायाबुसा किंवा यामाहाची आर-वन वळणावर आडवी झुकते, त्यामुळे चालकाला आणि तेलालाही जोर सरळ तळाकडे लागतो. तेच इंजिन गाडीत सरळ उभं राहतं. चांगल्या टायरांवर वळणात एक जी इतका आडवा जोर लागला तर तेलाचा पृष्ठभाग ४५ अंशांत तिरका होतो. लांबलचक वळणात तेल चेंबरच्या एका भिंतीवर चढतं, तेल ओढणारा पिकअप उघडा पडतो आणि त्या बाजूला ब्रीदरचं तोंड असेल तर तेल त्यात शिरतं. इथे ब्रीदर कितीही सुधारला तरी आधी चेंबरमध्ये आडभिंती हव्यात, नाहीतर ड्राय सम्प, म्हणजे तेल पंपाने ओढून वेगळ्या टाकीत ठेवणारी व्यवस्था.

कॅच टँकविषयी एवढं बोललं जातं की तिला थोडी जागा दिलीच पाहिजे. शर्यतीत ती हवीच: ट्रॅकवर तेल सांडलं तर मागून येणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. आंतरराष्ट्रीय नियमांत उघडा ब्रीदर असलेल्या, २००० सीसीपर्यंतच्या गाडीला किमान दोन लिटरची आणि त्यावरच्या गाडीला तीन लिटरची टाकी सांगितली आहे, आणि आतलं तेल दिसेल अशी ती पारदर्शक असावी किंवा तिला काचेची पट्टी असावी अशी अट आहे. रस्त्यावरच्या गाडीतही टाकी उपयोगी पडते, पण ब्रीदर आणि एअरबॉक्स यांच्या मधे, तेल गाळणारा डबा म्हणून. तिथून वायू पुढे इंजिनातच जातो.

टाकी काम करते की नुसती शोभा देते हे ठरतं वायूच्या वेगावर. मघाचा सेकंदाला एक लिटर वायू १० मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नळीतून गेला तर त्याचा वेग सेकंदाला सुमारे पावणेतेरा मीटर होतो. १९ मिलिमीटरच्या नळीत तो साडेतीन मीटरवर येतो. आणि १०० मिलिमीटर व्यासाच्या टाकीत तो सेकंदाला १३ सेंटिमीटरही राहत नाही. वेग पडला की तेलाचे थेंब खाली पडतात. बारीक नळी थेंबांना उचलून नेते आणि वर दाबही अडवून धरते. म्हणून पेट्रोलच्या नळीएवढी बारीक नळी लावून महागडी टाकी बसवणं म्हणजे दोन्हीकडून तोटा. टाकीच्या आत आडवे पत्रे आणि जाळी हवी, म्हणजे वायू वळत-वळत जाईल आणि थेंब पत्र्याला चिकटतील. स्टेनलेस स्टीलची भांडी घासायची तारेची घासणी पुष्कळ जण भरतात आणि ती चालतेही. साधी लोखंडी तार मात्र गंजून तिचे तुकडे सुटतात. येणारं आणि जाणारं तोंड शेजारी-शेजारी असलं तर वायू जाळीला न शिवता सरळ निघून जातो. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त टाक्यांमध्ये हा दोष सर्रास असतो, काहींत तर आत काहीच नसतं.

नळी इंजिनापासून टाकीकडे चढती असावी, मधे झोळ नसावा. झोळात पाणी साचतं, थंडीच्या रात्री ते गोठतं, आणि सकाळी इंजिन बंद क्रँककेस घेऊन सुरू होतं. त्यात मागचं सील उडतं. नळीचं रबर तेलाला टिकणारं, म्हणजे नायट्राइल जातीचं हवं. रेडिएटरची नळी दिसायला सारखी असते, पण तिचं रबर तेलाने फुगतं. साधी सिलिकॉनची रंगीत नळी सुंदर दिसते आणि काही महिन्यांत तिच्यातून तेलाचा घाम बाहेर येतो. गाळलेलं तेल परत चेंबरमध्ये सोडावं का, यावर मतभेद आहेत. माझं म्हणणं, रोजच्या गाडीत सोडू नये: त्यात पाणी आणि पेट्रोल असतं. ट्रॅकवर तासन्‌तास पळणाऱ्या, तेल भरपूर फेकणाऱ्या गाडीत सोडावं, पण परतीचं तोंड तेलाच्या पातळीखाली हवं, नाहीतर वायू त्याच नळीने उलटा चढतो.

टर्बोच्या गाड्यांत मॅनिफोल्डमध्ये ओढीऐवजी दाब येतो, त्यामुळे त्या फांदीला एकाच दिशेने उघडणारा, दाब सोसणारा वाल्व हवा आणि दुसरी फांदी टर्बोच्या आधी, हवा शिरते तिथे जोडलेली हवी. टर्बोच्या बेअरिंगचं तेल केवळ स्वतःच्या वजनाने चेंबरमध्ये उतरतं. क्रँककेसमध्ये दाब राहिला तर ते उतरत नाही, सीलमधून सांडतं आणि निळा धूर येतो. अशा धुरासाठी टर्बो बदलले जातात आणि धूर तसाच राहतो.

क्रँककेसमध्ये मुद्दाम निर्वात आणणारे उपाय शर्यतीच्या दुनियेतले आहेत. सायलेन्सर नसलेल्या ड्रॅग गाडीत ब्रीदरची नळी एकदिशा वाल्वमधून एक्झॉस्टमध्ये तिरकी घुसवतात, वेगवान वायू तिला ओढतो. सायलेन्सर असलेल्या रस्त्यावरच्या गाडीत मागे दाब राहतो आणि ही युक्ती उलटते. पट्ट्यावर चालणारा व्हॅक्यूम पंप आणि ड्राय सम्पचे ओढणारे पंप खरंच काम करतात, रिंगा चांगल्या बसतात, पण हौशी गाडीच्या खर्चात ते क्वचितच बसतात.

हे सगळं नुसत्या अंदाजावर करण्याचं कारण नाही, कारण मोजणं अगदी सोपं आहे. डिपस्टिकच्या नळीला पारदर्शक नळी घट्ट लावायची, ती लांब ठेवून गाडीत आणायची, इंग्रजी यू अक्षरासारखी वळवून फळीवर बांधायची आणि त्यात रंगीत पाणी भरायचं. दोन बाजूंच्या पाण्यात दहा सेंटिमीटरचा फरक म्हणजे साधारण एक किलोपास्कल दाब. आयडलवर बंद व्यवस्थेत पाणी इंजिनाकडे किंचित ओढलेलं दिसलं पाहिजे. सहकाऱ्याला शेजारी बसवून चढावर पूर्ण थ्रॉटल द्यायचा आणि त्याने पाण्याकडे पाहायचं. पाणी थोडंच सरकलं तर व्यवस्था ठीक. फेऱ्यांबरोबर ते चढतच गेलं तर नळी बारीक आहे किंवा ब्लो-बाय जास्त आहे. दोन्हींतलं कुठलं, हे तेलाचं झाकण काढून पाहिल्यावर कळतं: दाब एकदम पडला तर दोष वाटेत होता. झाकण काढूनही भसाभस धूर येत राहिला तर लीकडाऊन टेस्ट करून रिंगा आणि बोअर पाहावेत. जीर्ण इंजिनावर ब्रीदरची कारागिरी करणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

आपल्याकडे घरी बांधलेली गाडी रस्त्यावर नोंदवणं जवळपास अशक्य आहे, पण हा प्रश्न महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या वर्कशॉपांत दरवर्षी येतो. फॉर्म्युला स्टुडंटच्या धर्तीच्या स्पर्धांसाठी विद्यार्थी एकट्याची शर्यतगाडी बांधतात आणि त्यातल्या बऱ्याच संघांच्या गाडीत चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० चं ३७३ सीसीचं, एक सिलिंडरचं इंजिन असतं. इथे गणित चार सिलिंडरांपेक्षा वेगळं होतं. चार सिलिंडरांत दोन पिस्टन खाली येताना दोन वर जातात, त्यामुळे क्रँककेसची एकूण जागा जवळपास तेवढीच राहते. एकाच पिस्टनच्या इंजिनात तो खाली आला की ३७३ सीसी जागा आकसते, वर गेला की तेवढीच वाढते. मिनिटाला ९००० फेऱ्यांवर हे सेकंदाला १५० वेळा. दर फेरीला ढकलली जाणारी ही हवा शेकडा एकच्या ब्लो-बायपेक्षा २०० पट आहे. मूळ इंजिनाच्या आतल्या वाटा त्याचा हिशेब धरूनच केलेल्या असतात, पण विद्यार्थी चेंबर कापून उथळ करतात तेव्हा आतली रिकामी जागा कमी होते आणि तेवढ्याच आकसण्याने दाबाची उसळी वाढते. बुलेटच्या जुन्या इंजिनात चपट्या तोंडाचा रबरी वाल्व होता तो याचसाठी: पिस्टन खाली येताना हवा बाहेर जाते, वर जाताना तोंड मिटतं, आणि क्रँककेसमधला सरासरी दाब बाहेरच्यापेक्षा कमी राहतो. ते रबर कडक झालेल्या बुलेटी तेल गाळताना महाराष्ट्रात कोणी पाहिल्या नाहीत असं नाही. उथळ चेंबरच्या शर्यतगाडीत असाच एक पातळ पातीचा वाल्व, इंजिनाच्या शक्य तितका जवळ, बसवावा. नळीच्या दूरच्या टोकाला बसवला तर मधली हवाच मागे-पुढे हलत राहते आणि वाल्वला काम मिळत नाही.

या स्पर्धांच्या नियमांनी विद्यार्थ्यांचे पुष्कळसे फाटे आधीच बंद केले आहेत. कॅच टँक किमान ९०० मिलिलिटरची किंवा तेलाच्या दहा टक्के, यांतलं जे जास्त असेल तेवढी हवी. ब्रीदर एक्झॉस्टमध्ये सोडायला मनाई आहे. तो इंजिनाच्या हवेत परत द्यायचा असेल तर इंजिनाच्या हवेवर मर्यादा घालणाऱ्या २० मिलिमीटरच्या रिस्ट्रिक्टरच्या आधी, फिल्टरच्या बाजूला द्यायचा, म्हणजे कोणी चोरवाटेने जादा हवा आत घेऊ नये. पुष्कळ संघ हा त्रास टाळून टाकी वाऱ्यावर सोडतात. फिल्टरकडे जोडणाऱ्यांनी मात्र टाकीतून निघणारं तोंड सगळ्यात वर ठेवावं आणि गाडी दोन्ही बाजूंना ४५ अंश कलवून, टाकी अर्धी भरलेली असताना, तेल त्या तोंडापर्यंत पोहोचत नाही हे स्पर्धेआधी वर्कशॉपमध्येच पाहून घ्यावं.